राजाचे आडनाव : ब्रिटिश राजघराण्यातील पदव्या आणि कुलनामे

कोणत्याही नागरिकाची ओळख पटवावयाची झाली तर त्याचे नाव आणि आडनाव सांगावे लागते. शाळेच्या पटावर, शेताच्या उताऱ्यावर, न्यायालयातील साक्षीच्या कागदावर या दोहोंवाचून त्याचे भागत नाही. राजाचे तसे नसते. इंग्लंडच्या राजाने कागदाखाली आपले एकटे नाव लिहिले आणि त्यापुढे राजा या अर्थाच्या ‘रेक्स’ या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर जोडले, की ती सही पुरी होते. आडनाव हे माणसामाणसांतील भेद दाखविण्यासाठी असते. जो एकटाच आहे त्याला भेद दाखविण्याची आवश्यकता कोठून असणार?

असे असूनही विसाव्या शतकात ब्रिटिश राजघराण्याला एक नाव घ्यावे लागले, पुढे त्या नावाबद्दल घरातच वाद झाला आणि अखेरीस त्याला दुसरे नाव जोडावे लागले. वरवर पाहता ही मानापमानाची आणि शिष्टाचाराची हकिगत वाटते. परंतु राजा राज्य करतो पण कारभार करीत नाही अशा राज्यव्यवस्थेत राजाची मालमत्ता नेमकी कोणती आणि प्रजेची कोणती, या प्रश्नाचे उत्तर या हकिगतीत जितके स्पष्ट सापडते तितके राज्यशास्त्रावरील अनेक ग्रंथांतही सापडत नाही.

पदवी, कुलनाम आणि आडनाव

प्रारंभीच तीन गोष्टींतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. पहिली गोष्ट पदवी. राजा, युवराज, प्रिन्स, ड्यूक या पदव्या होत. त्या राजसत्तेकडून मिळतात आणि त्यांना कायद्याचा किंवा राजसनदेचा आधार लागतो. दुसरी गोष्ट कुलनाम, म्हणजे ज्या घराण्याच्या नावाने एखादी राजवट इतिहासात ओळखली जाते ते नाव. ट्यूडर, स्टुअर्ट, हॅनोव्हर ही अशी कुलनामे आहेत. तिसरी गोष्ट आडनाव. ते सामान्य माणसाप्रमाणे नोंदवहीत लिहावयाचे असते. राजघराण्यातील व्यक्तीला कुलनाम असते, पदवीही असते. आडनाव मात्र असतेच असे नाही.

हा भेद भारतीय वाचकाला अगदीच अपरिचित नाही. बडोद्याच्या राजघराण्याचे आडनाव गायकवाड आणि त्यांची पदवी सेनाखासखेल समशेर बहादूर अशी होती. ब्रिटिश अधिकारी मात्र आपल्या पत्रव्यवहारात बडोद्याच्या अधिपतीचा उल्लेख नुसता ‘गायकवाड’ असा करीत, जणू काही तेही महाराज किंवा निजाम यांसारखे एखादे पद असावे. येथे आडनावाची पदवी झाली. ज्या सत्तेने भारतात ही सरमिसळ केली, तिच्या स्वतःच्या राजघराण्यात याच्या उलट प्रकार घडला. तेथे एका किल्ल्याच्या नावाचे कुलनाम झाले आणि पुढे त्या कुलनामाचे आडनाव झाले.

१९१७ : एका नावाचा त्याग

राणी व्हिक्टोरिया हॅनोव्हर घराण्यातील होती. १८४० साली तिने सॅक्स-कोबर्ग-गोथा या जर्मन ड्यूक घराण्यातील राजपुत्र अल्बर्ट याच्याशी विवाह केला. कुलनाम पित्याकडून पुत्राकडे जावयाचे या रूढीप्रमाणे, १९०१ साली तिचा मुलगा सप्तम एडवर्ड गादीवर आला तेव्हा हॅनोव्हर घराण्याची राजवट संपली आणि सॅक्स-कोबर्ग-गोथा घराण्याची सुरू झाली. त्या वेळी कोणाला त्यात वावगे वाटले नाही. युरोपातील बहुतेक राजघराणी परस्परांशी नातेसंबंधांनी बांधलेली होती आणि जर्मनीचा कैसर दुसरा विल्यम हा तर व्हिक्टोरियाचा नातूच होता.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि हे नातेसंबंध अडचणीचे ठरू लागले. जर्मन वाटणारी नावे असलेल्या दुकानांवर लंडनमध्ये जमाव चालून जाऊ लागले. १३ जून १९१७ रोजी जर्मन विमानांनी दिवसाढवळ्या लंडनवर बाँबहल्ला केला. त्यात १६२ माणसे मृत्युमुखी पडली. पॉप्लर भागातील एका शाळेवर बाँब पडून १८ मुले ठार झाली. ज्या विमानांनी हा हल्ला केला त्यांचे नाव ‘गोथा’ असे होते, कारण त्यांचा कारखाना त्याच गावी होता. राजघराण्याच्या नावातील अखेरचा शब्द आता लंडनच्या आईबापांना आपल्या मुलांच्या मृत्यूची आठवण करून देऊ लागला. त्याच वर्षी मार्च महिन्यात पंचम जॉर्ज यांचा मावसभाऊ, रशियाचा झार दुसरा निकोलस, याला राज्यत्याग करावा लागला होता. प्रजेच्या मनातून उतरलेली गादी किती लवकर कोसळते याचे उदाहरण समोर होते. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी दरबार परका आणि निःसत्त्व असल्याची टीका केली, तेव्हा आपण एक वेळ निःसत्त्व असू पण परके मुळीच नाही, अशा अर्थाचे उद्गार राजाने संतापाने काढल्याचे सांगतात.

नाव बदलावयाचे ठरले, तेव्हा एक चमत्कारिक अडचण पुढे आली. राजाचे सध्याचे आडनाव काय आहे हेच कोणाला निश्चितपणे सांगता येईना. वंशावळीच्या जाणकारांनी ‘वेट्टिन’ किंवा ‘विपर’ असावे असा तर्क केला, पण ही नावे उच्चारायलाही बरी वाटत नव्हती. ट्यूडर-स्टुअर्ट, प्लँटॅजेनेट, फिट्झरॉय अशा नावांचाही विचार झाला. अखेरीस राजाचे खाजगी सचिव लॉर्ड स्टॅमफोर्डहॅम यांनी ‘विंडसर’ हे नाव सुचविले. विंडसरचा किल्ला विजेत्या विल्यमने बांधण्यास प्रारंभ केला होता. तिसरा एडवर्ड हा राजा तेथे जन्मला म्हणून त्याला विंडसरचा एडवर्ड असेही म्हणत. नाव इंग्रजी होते, जुने होते आणि प्रत्येकाच्या परिचयाचे होते.

१७ जुलै १९१७ रोजी प्रिव्ही कौन्सिलपुढे राजाची घोषणा झाली. राजघराण्याचे नाव यापुढे विंडसर राहील, व्हिक्टोरियाचे पुरुषवंशातील जे वंशज ब्रिटिश प्रजाजन आहेत ते हेच नाव लावतील आणि सर्व जर्मन पदव्यांचा त्याग करण्यात येत आहे, असा तिचा आशय होता. विवाहित स्त्रियांना मात्र तीतून वगळण्यात आले. शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’ या नाटकाचेही नाव आता बदलावे लागेल, अशा आशयाची थट्टा कैसरने केली असे सांगितले जाते. थट्टा मार्मिक होती. परंतु पुढच्याच वर्षी कैसरला देश सोडून हॉलंडमध्ये आश्रय घ्यावा लागला, तर ज्याची त्याने थट्टा केली तो राजा आणखी अठरा वर्षे गादीवर राहिला.

बॅटनबर्ग ते माउंटबॅटन

राजाबरोबर त्याच्या इंग्लंडमधील आप्तांनाही नावे बदलावी लागली. राणी मेरी यांच्या माहेरचे टेक घराणे केंब्रिज झाले. बॅटनबर्ग घराण्याने आपल्या नावाचे सरळ भाषांतरच केले. जर्मन भाषेत ‘बर्ग’ म्हणजे डोंगर. त्याच्या जागी इंग्रजी ‘माउंट’ आले आणि माउंटबॅटन हे नाव तयार झाले.

बॅटनबर्ग या नावाचा उगम मुळात एका नकारात होता. हेसे संस्थानचा राजपुत्र अलेक्झांडर याने १८५१ साली जूलिया हाउके या सरदारकन्येशी विवाह केला. ती राजवंशातील नव्हती. राजपुत्राने कमी दर्जाच्या स्त्रीशी विवाह केल्यास पत्नीला आणि मुलांना त्याच्या पदव्या व वारसाहक्क मिळत नसत. तेव्हा या जोडप्याच्या मुलांना पित्याचे घराणे नाकारून निराळे नाव देण्यात आले. ते नाव म्हणजे बॅटनबर्ग. पुढे त्यांचा मुलगा लुई इंग्लंडला गेला, ब्रिटिश आरमारात शिरला आणि कर्तबगारीच्या जोरावर आरमाराचा प्रमुख, म्हणजे फर्स्ट सी लॉर्ड, झाला. परंतु १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच्या जर्मन जन्मावरून उठलेल्या ओरडीमुळे, त्याला त्या पदाचा राजीनामा द्यावा लागला. चाळीस वर्षांहून अधिक काळाची सेवा एका नावापुढे फिकी पडली. १९१७ साली त्याने राजपुत्राची पदवी सोडली आणि तो मिलफर्ड हेवनचा मार्क्विस झाला.

या लुईचा धाकटा मुलगा त्या वेळी सतरा वर्षांचा होता. तोही एका दिवसात राजपुत्राचा लॉर्ड लुई माउंटबॅटन झाला. हेच भारताचे अखेरचे व्हॉइसरॉय. त्यांची बहीण ॲलिस हिचा विवाह ग्रीसच्या राजपुत्राशी झाला होता. तिचा मुलगा फिलिप याने १९४७ साली ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारताना ग्रीस आणि डेन्मार्कच्या राजपुत्राची पदवी टाकली आणि आजोळचे नाव घेतले. मार्च १९४७ मध्ये एकीकडे फिलिप माउंटबॅटन हे नाव ब्रिटनच्या राजपत्रात प्रसिद्ध झाले, तर दुसरीकडे त्याच महिन्यात त्यांच्या मामांनी दिल्लीत व्हॉइसरॉयपदाची शपथ घेतली. एका नाकारलेल्या विवाहातून जन्मलेले आणि युद्धाच्या धाकाने भाषांतरित झालेले हे नाव अशा रीतीने दोन राष्ट्रांच्या इतिहासात शिरले.

प्रिन्स कोणाला म्हणावे?

नावाबरोबर पदव्यांचीही छाटणी झाली. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी पंचम जॉर्ज यांनी लेटर्स पेटंट या नावाने ओळखली जाणारी एक राजसनद काढली. तिने ‘रॉयल हायनेस’ हे संबोधन आणि प्रिन्स अथवा प्रिन्सेस ही पदवी तीन वर्गांपुरती मर्यादित केली : राजाची मुले, राजाच्या मुलग्यांची मुले, आणि युवराजाच्या ज्येष्ठ मुलाचा हयात असलेला ज्येष्ठ मुलगा. राजाच्या मुलीची मुले तीत बसत नव्हती. अशी मर्यादा घातली नसती तर प्रत्येक पिढीगणिक राजपुत्रांची संख्या वाढत गेली असती आणि पदवीची किंमत तितकीच उतरत गेली असती.

त्याच वर्षी पार्लमेंटने आणखी एक कायदा संमत केला. युद्धात शत्रुपक्षाला मिळालेल्यांच्या ब्रिटिश सरदारक्या काढून घेण्याची तरतूद त्यात होती. १९१९ साली त्यानुसार ज्यांच्या पदव्या गेल्या त्यांत व्हिक्टोरियाचा नातू चार्ल्स एडवर्ड, ऑल्बनीचा ड्यूक, हाही होता. तो इंग्लंडमध्ये जन्मला व वाढला होता. १९०० साली, अवघा सोळा वर्षांचा असताना, तो सॅक्स-कोबर्ग-गोथाच्या गादीवर आला; त्या गादीसाठी घरच्या मंडळींनीच त्याला जर्मनीत पाठविले होते. युद्ध सुरू होताच तो ज्या देशाचा ड्यूक होता त्याच्या बाजूने उभा राहिला आणि जन्मभूमीने त्याला देशद्रोही ठरविले. १९१८ च्या अखेरीस जर्मनीतील राज्यक्रांतीने त्याची तेथील गादीही नष्ट केली. त्याच्या पदव्या देताना त्याला कोणी विचारले नव्हते; काढून घेतानाही विचारण्याचे कारण पडले नाही.

१९१७ च्या सनदेतील मर्यादा पुढे वेळोवेळी शिथिल कराव्या लागल्या. राजकन्या एलिझाबेथ गरोदर असताना ऑक्टोबर १९४८ मध्ये षष्ठ जॉर्ज यांनी नवी सनद काढली, कारण मुलीची मुले जुन्या नियमात बसत नव्हती आणि भावी राजा जन्मतः राजपुत्र ठरला नसता. डिसेंबर २०१२ मध्ये पुन्हा तसाच प्रसंग आला. युवराजाच्या ज्येष्ठ मुलाला पहिली मुलगी झाली असती तर ती प्रिन्सेस ठरली नसती, मात्र तिच्यानंतर जन्मलेला भाऊ प्रिन्स ठरला असता. राणी द्वितीय एलिझाबेथ यांनी त्या ज्येष्ठ मुलाच्या सर्वच मुलांना ही पदवी दिली. २०१३ च्या वारसाहक्क कायद्याने तर २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्या मुलगा-मुलींतील वारसाक्रमाचा भेदच नाहीसा केला. हा कायदा २०१५ साली अमलात आला.

इतर देशांत मात्र पदव्या कमी करण्याकडेच कल दिसतो. स्वीडनच्या राजाने २०१९ साली आपल्या पाच नातवंडांचे ‘रॉयल हायनेस’ हे संबोधन काढले. डेन्मार्कच्या राणी मार्गरेट यांनी धाकट्या मुलाच्या चार मुलांची प्रिन्स व प्रिन्सेस ही पदवी १ जानेवारी २०२३ पासून रद्द केली. जपानची परंपरा त्याहूनही कडक आहे. तेथील सम्राटाच्या कुटुंबाला आडनावच नाही, आणि सामान्य नागरिकाशी विवाह करणाऱ्या राजकन्येला १९४७ च्या कायद्यानुसार राजघराणे सोडावे लागते. २०२१ साली राजकन्या माको यांनी असा विवाह केला तेव्हा आयुष्यात प्रथमच त्यांना आडनाव मिळाले, ते पतीचे.

पित्याचे नाव

फेब्रुवारी १९५२ मध्ये एलिझाबेथ राणी झाल्या आणि जुनाच प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला. व्हिक्टोरियाच्या मुलाबरोबर पित्याचे कुलनाम गादीवर आले होते. त्याच न्यायाने एलिझाबेथच्या मुलाबरोबर माउंटबॅटन हे कुलनाम यावयास हवे होते. ब्रॉडलँड्स या आपल्या निवासस्थानी पाहुण्यांसमोर लॉर्ड माउंटबॅटन यांनी आता आपलेच घराणे राज्य करीत आहे असे उद्गार काढल्याचे वृत्त वृद्ध राणी मेरी यांच्या कानी गेले. ज्या पतीने १९१७ साली विंडसर हे नाव घेतले त्याच्या निर्णयाला हे आव्हान आहे असे त्यांना वाटले आणि त्यांनी पंतप्रधान चर्चिल यांच्या खाजगी सचिवाला बोलावून घेतले. मंत्रिमंडळात चर्चा झाली. विंडसर हे नाव बदलू नये असा सल्ला राणीला देण्यात आला.

येथे घटनात्मक राजसत्तेचे मर्म उघड होते. घरातल्या मुलांनी कोणाचे नाव लावावे ही कोणत्याही कुटुंबाची खाजगी बाब. पण हे कुटुंब राज्यसंस्थेचा एक भाग होते, म्हणून त्याबद्दलही मंत्र्यांचा सल्ला मानणे राणीला प्राप्त होते. राजपुत्र फिलिप यांनी लेखी निवेदन करून आपले म्हणणे मांडले, परंतु त्याचा उपयोग झाला नाही. ९ एप्रिल १९५२ रोजी राणीने जाहीर केले की आपण, आपली मुले आणि पुढील वंशज विंडसर हेच नाव लावतील. विवाहित स्त्रिया आणि त्यांची संतती यांना याही वेळी वगळले होते. विवाह झाला की स्त्रीचे नाव पतीच्या नावात विलीन होते हे गृहीत धरणारी ही घोषणा, एका विवाहित स्त्रीने आपल्या पित्याचे नाव आपल्या मुलांना देण्यासाठी केलेली होती! देशातील इतर प्रत्येक पित्याला आपल्या मुलांना आपले नाव देता येते आणि तेवढा आपल्यालाच येत नाही, ही खंत फिलिप यांनी मित्रांपाशी बोलून दाखविली असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

आठ वर्षांनी राणीला तिसरे अपत्य होण्याची वेळ आली. घटनात्मक बाबींवर लिहिणारे एक वकील, एडवर्ड आयवी, यांनी सरकारला कळविले की विवाहसंबंधातून जन्मणारे मूल पित्याचे नाव न लावता आईचे लावणार असेल तर त्यावर अनौरसतेचा शिक्का बसल्यासारखे होईल. पंतप्रधान मॅकमिलन आफ्रिकेच्या दौऱ्यावर होते. त्यांच्या अनुपस्थितीत बटलर यांनी हे प्रकरण हाताळले आणि राणीची यासंबंधीची इच्छा तीव्र आहे हे त्यांच्या ध्यानी आले. ८ फेब्रुवारी १९६० रोजी नवी घोषणा झाली. घराण्याचे नाव विंडसरच राहिले. परंतु ज्या वंशजांना ‘रॉयल हायनेस’ हे संबोधन आणि प्रिन्स वा प्रिन्सेस ही पदवी असणार नाही, त्यांनी माउंटबॅटन-विंडसर हे आडनाव लावावे असे ठरले. त्यानंतर अकरा दिवसांनी राजपुत्र अँड्र्यू यांचा जन्म झाला.

तडजोड मोठी चतुर होती. राज्यसंस्थेला तिचे कुलनाम मिळाले आणि पित्याला त्याचे आडनाव मिळाले, पण ते पदवी नसलेल्या, म्हणजे अद्याप न जन्मलेल्या दूरच्या वंशजांपुरते. तथापि माणसांच्या भावना सनदेच्या शब्दांत मावत नाहीत. १४ नोव्हेंबर १९७३ रोजी राजकन्या ॲन यांचा विवाह झाला तेव्हा, घोषणेच्या शब्दार्थाप्रमाणे त्यांना आडनावाची गरज नसतानाही, विवाहाच्या नोंदवहीत त्यांचे नाव माउंटबॅटन-विंडसर असे लिहिले गेले. राजपत्रातील घोषणेने जे दूरच्या वंशजांना देऊ केले होते, ते मुलीने एका सहीनिशी पित्याला त्याच्या हयातीत दिले.

दिलेली पदवी आणि घेतलेली पदवी

पदवी हे राजकृपेचे चिन्ह असल्यामुळे ती नाकारणे हे राजाच्या हाती उरलेले एक शस्त्र आहे. अष्टम एडवर्ड यांनी डिसेंबर १९३६ मध्ये राज्यत्याग केला. पित्याने घराण्याला दिलेले नावच त्यांच्या नव्या पदवीत आले आणि ते विंडसरचे ड्यूक झाले. परंतु ज्या स्त्रीसाठी त्यांनी सिंहासन सोडले तिला मे १९३७ च्या सनदेने ‘रॉयल हायनेस’ हे संबोधन नाकारण्यात आले. विवाह त्यानंतर एका आठवड्याने व्हावयाचा होता. हा अपमान ड्यूक जन्मभर विसरले नाहीत. १९९६ साली राजपुत्र चार्ल्स आणि डायना यांचा घटस्फोट होण्याच्या सुमारास आणखी एक सनद निघाली आणि घटस्फोटित पत्नींचे हे संबोधन संपले.

याच्या उलट, काही आईबापांनी पदवी आपण होऊन दूर ठेवली. राजकन्या ॲन यांचे पती मार्क फिलिप्स यांनी सरदारकी घेतली नाही. १९७७ आणि १९८१ साली जन्मलेली त्यांची मुले राणीची नातवंडे असूनही कोणत्याही पदवीवाचून वाढली. राजपुत्र एडवर्ड यांच्या १९९९ मधील विवाहाच्या वेळी, त्यांच्या मुलांना प्रिन्स व प्रिन्सेस न म्हणता अर्लच्या मुलांप्रमाणे संबोधावे असे जाहीर करण्यात आले.

या साऱ्याचा शेवट नियतीने घडवून आणल्यासारखा वाटतो. एका गुन्हेगार ठरलेल्या अमेरिकन धनिकाशी असलेल्या संबंधांवरून राजपुत्र अँड्र्यू यांच्यावर अनेक वर्षे टीका होत राहिली. आपल्यावरील आरोप त्यांनी सतत नाकारले. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी बकिंगहॅम राजवाड्याने त्यांच्या पदव्या व सन्मान काढून घेण्याची कार्यवाही सुरू केल्याचे जाहीर केले आणि पुढच्याच आठवड्यात राजा तृतीय चार्ल्स यांच्या सनदेने त्यांचे प्रिन्सपद व ‘रॉयल हायनेस’ हे संबोधन संपले. ड्यूकची सरदारकी कायद्याने समूळ रद्द करावयाची तर पार्लमेंटचाच कायदा लागतो. म्हणून सरदारांच्या पटावरून त्यांचे नाव तेवढे काढण्यात आले. वारसाक्रमातील स्थानाला या निर्णयाने धक्का लागला नाही. त्यांचे नवे नाव अँड्र्यू माउंटबॅटन-विंडसर असे जाहीर झाले. ज्या बालकाच्या जन्मापूर्वी, त्याला पित्याचे नाव असावे म्हणून, १९६० साली हे आडनाव सिद्ध झाले, त्याच्याच वाट्याला ते पासष्ट वर्षांनी आले. तेव्हा जे प्रेमाचे चिन्ह होते, ते आता शिक्षेची खूण ठरले होते.

सम्राटाचे अक्षर

राजाच्या पदवीचा विचार भारताचा उल्लेख केल्यावाचून पूर्ण होत नाही. १८७६ साली पंतप्रधान डिझरायली यांनी पार्लमेंटमध्ये कायदा करून व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी ही पदवी मिळवून दिली. ‘कैसर-ए-हिंद’ असे तिचे भारतीय रूप ठरले आणि १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांनी दिल्लीच्या दरबारात ती जाहीर केली. त्या वेळी देशाच्या मोठ्या भागात भीषण दुष्काळ पडलेला होता. त्याच दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी जाडेभरडे स्वदेशी वस्त्र नेसून उपस्थित राहिले आणि त्यांनी सभेचे मानपत्र सादर केले. ज्या प्रजेच्या नावावर ही पदवी घेतली जात होती, त्या प्रजेला तिच्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

त्या दिवसापासून सम्राट या अर्थाच्या ‘इंपेरातोर’ या लॅटिन शब्दाचे ‘आय’ हे आद्याक्षर राजाच्या सहीत आले. सत्तर वर्षांनी, ऑगस्ट १९४७ मध्ये, ते गळून पडले. मुलाचे त्या अक्षरावाचूनचे पहिले पत्र हाती आले तेव्हा वृद्ध राणी मेरी यांनी आपले दुःख त्यावर नमूद करून ठेवले. भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यातच ही पदवी वगळण्यास संमती देण्यात आली होती आणि २२ जून १९४८ च्या घोषणेने ती औपचारिकपणेही संपली. एका मातेला जे एक अक्षर कमी झालेले दिसले, ते येथील कोट्यवधी लोकांच्या स्वातंत्र्याचे अक्षर होते.

१९४९ च्या एप्रिलमध्ये लंडन येथील परिषदेत आणखी एक पदवी जन्माला आली. प्रजासत्ताक होऊ घातलेल्या भारताला राष्ट्रकुलात राहता यावे यासाठी राजाला ‘राष्ट्रकुलाचा प्रमुख’ म्हणून, स्वतंत्र राष्ट्रांच्या स्वेच्छेने जुळलेल्या संबंधांचे प्रतीक या नात्याने, मान्यता देण्यात आली. या पदवीला अधिकार कोणताही नाही. पण ती लादलेली नाही; ती संबंधित राष्ट्रांनी विचार करून दिलेली आहे. भारताने स्वतःपुरता हा प्रश्न दोन पावलांत सोडविला. संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने राज्याने लष्करी व विद्याविषयक श्रेष्ठता वगळता किताब देण्यास मनाई केली आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे बंद केले. आडनावे राहिली, पदव्या गेल्या.

या सर्व घटना एकत्र पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. पूर्वी राजाच्या नावाने प्रजा ओळखली जाई. घटनात्मक राजसत्तेत प्रजेला सहन होईल असे नाव राजाला घ्यावे लागते. पॉप्लरच्या शाळेतील मुलांचा मृत्यू, मंत्रिमंडळाचा सल्ला, वसाहतींचे स्वातंत्र्य आणि लोकमताचा क्षोभ यांपैकी प्रत्येकाने त्या नावात काही ना काही फेरफार घडवून आणला. त्याची किंमत राजघराण्यातील माणसांनीही दिली. कोणाला पित्याचे नाव मुलाला देता आले नाही, कोणाला आपल्या पत्नीला मान मिळवून देता आला नाही. सामान्य नागरिक आपले आडनाव फारसा विचार न करता मुलाच्या नावापुढे लिहितो. ते लिहिण्यासाठी त्याला कोणाची संमती लागत नाही. सिंहासनावर बसणाऱ्याला जे स्वातंत्र्य नसते, ते त्याच्यापाशी असते.